रेड्याच्या पाठीवरचे वळ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



यंदाच्या दत्तजयंतीच्या पालखीवरून गेले काही दिवस आपल्या ग्रुपवर काय चाललं आहे ते सगळ्यांनी वाचलं असेलच. एका गुरुबंधूंनी पालखीपुढे दोन घोडे, एक उंट आणि परवानगी मिळाली तर हत्ती, असा सगळा खर्च स्वतः उचलायची तयारी दाखवली. त्यांचा भाव शुद्ध आहे, त्याबद्दल कोणाच्या मनात शंका नसावी. त्यावर काहींनी हात जोडले, काहींनी प्रश्न विचारले. मग कोल्हापूरकडच्या एका ताईंनी माधुरी हत्तिणीचा विषय काढला आणि रात्री साडेअकरापर्यंत सगळ्यांचे फोन वाजत राहिले. दोन काका तर ग्रुप सोडून गेले. (चहाला बोलावल्यावर परत आले!) म्हणून समितीने आम्हा सेवेकरी भगिनींना सांगितलं की या महिन्याचं चिंतन याच विषयावर लिहा. जरा लांबलं आहे, तेव्हा दुपारच्या चहाबरोबर सावकाश वाचा.

सुरुवात पैठणपासून करू या. गोष्ट आपल्याला पाठ आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहिले. सर्वांभूती एकच आत्मा असं हा मुलगा म्हणतो, म्हणून लोक चिडले. तेवढ्यात समोरून पखालीचा रेडा चालला होता. कोणीतरी म्हणालं, त्याचंही नाव ज्ञाना आहे, मग तो आणि तू एकच का? ज्ञानदेव म्हणाले, हो, एकच. मग पुढचं आपण सांगतो ते असं की ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलू लागला. कॅलेंडरवरच्या चित्रात तेच असतं, सिनेमात तेच असतं, लहान मुलांच्या पुस्तकातही तेच.

पण संतचरित्रांत या दोन्हींच्या मधे एक प्रसंग आहे. ज्ञानदेव "एकच" म्हणाले तेव्हा त्या माणसाने आसूड उचलला आणि रेड्याच्या पाठीवर ओढला. वळ उठले ते ज्ञानदेवांच्या अंगावर.

आता बघा, खरं तर उत्तर तिथेच मिळालं होतं. आत्मा एक आहे की नाही, हे त्या वळांनी दाखवून दिलं. पण जमलेल्या लोकांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांना काहीतरी बघायचं होतं, जनावराने माणसासारखं काहीतरी करून दाखवायला हवं होतं. मग रेड्याच्या तोंडून वेद आले, आणि सातशे वर्षं लोकांच्या लक्षात राहिलं ते तेवढंच. जुन्नर तालुक्यात आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे. आपल्यातली काही कुटुंबं तिथे दर्शनाला जाऊन आली आहेत. एका मुक्या जनावराला संताच्या बरोबरीने समाधी मिळावी, ही आपल्या परंपरेची केवढी मोठी गोष्ट आहे! तिथे हात जोडताना वेद आठवावेत, आणि वळही आठवावेत.

आपल्या पालखीचा प्रश्न आम्हाला याच गोष्टीतला वाटतो. बघणाऱ्यांच्या डोळ्यांना जे सुंदर दिसतं, त्याचे वळ कोणाच्या पाठीवर उठतात?

आपण हैदराबादचे लोक. रेडा आपल्याला पोथीत वाचून माहीत करून घ्यावा लागत नाही. दिवाळीनंतर दोन दिवसांनी नारायणगुड्याला सदर भरतो तेव्हा काचीगुडा, बरकतपुरा, बडीचौडी इथल्या आपल्या घरांच्या गच्चीवर ते ढोल ऐकू येतात. यादव बांधवांचा हा सण. तेल लावून चकचकीत केलेले रेडे, शिंगांना रंग, गळ्यात हार, पायात कवड्या, डोक्यावर मोरपिसं. हरियाणातून, पंजाबातून खास आणलेले प्रचंड रेडे असतात. त्यांच्यावर मालकांचं प्रेम असतं यात खोटं काही नाही, खाऊपिऊ तर काही घरांतल्या मुलांपेक्षा जास्त मिळतो. आम्ही लग्न होऊन या शहरात आलो तेव्हा दुधाच्या भरवशावर ज्यांच्या गोठ्यातून दूध घेतलं ते हेच लोक. म्हणून त्यांच्या सणाला नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही. पण आज त्या गर्दीत डीजेच्या भिंती उभ्या असतात, चेहऱ्यावर हॅलोजन, कानाशी फटाके, आणि मोबाइल उंच धरलेले हजार हात. त्यात रेड्याला मागच्या पायांवर उभं करायचं. बघणाऱ्याला वाटतं, वा! रेड्याच्या शरीराचं वजन किती, गुडघे कशासाठी बनवलेले, हा विचार त्या क्षणी कोणाच्या डोक्यात येत नाही. पैठणच्या गर्दीचं तेच झालं होतं.

हत्तीचंही तसंच. या शहरात मोहरमच्या दहाव्या दिवशी दबीरपुऱ्याहून बीबी का आलम हत्तीवरून निघतो, आणि आषाढात बोनालूच्या मिरवणुकीतही हत्ती असतो. नेहरू झूलॉजिकल पार्कमधली रजनी नावाची हत्तीण बरीच वर्षं या दोन्ही मिरवणुकांत चालली. म्हणजे एकच हत्तीण मुसलमान बांधवांच्या शोकाच्या जुलुसात आणि तीच महाकाली अम्मवारूच्या उत्सवात. ऐकायला किती छान वाटतं! हैदराबादची गंगा-जमनी तहजीब म्हणतात ती हीच, असं म्हणून आपण अभिमानाने सांगतोही. पण रजनीच्या बाजूने बघितलं तर दोन्हीकडे तोच डांबरी रस्ता, तीच गर्दी आणि तोच अंकुश. प्राणिसंग्रहालयातले हत्ती बाहेर न्यायचं नियमांमुळे बंद झालं. तेव्हापासून दुसऱ्या राज्यांतून ट्रकने हत्ती आणतात. कुठल्याच धर्माला बोट दाखवण्याचा हा विषय नाही, हे कृपया सर्वांनी लक्षात ठेवावं आणि हा लेख पुढे पाठवताना अर्धवट कापून पाठवू नये.

हत्तीबद्दल थोडी माहिती देतो, कारण ग्रुपवर "हत्ती तर मजेत डुलत असतो" असं एका दादांनी लिहिलं होतं. जंगलातला हत्ती जागेवर उभा राहून डुलत नाही. एका जागी साखळीला बांधून ठेवलेला हत्ती तसा तासन् तास डुलतो. ते कोंडलेपणाचं लक्षण आहे, असं जनावरांचे डॉक्टर सांगतात. हत्तीचे तळवे मऊ असतात, माती आणि गवत यांच्यासाठी बनवलेले. सिमेंटवर उभं राहून आणि डांबरावर चालून ते फाटतात, नखांत पू होतो. त्याचे कान आपल्याला ऐकू न येणारे खोल आवाजही ऐकतात, दूरवरचे हत्ती त्या आवाजात एकमेकांशी बोलतात. त्या कानांशेजारी आपण तीनमारचा बँड वाजवणार. आणि हत्तिणी तर आई, मावशी, बहिणी, लेकी अशा कळपातच आयुष्य काढतात. बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. माहेर कायमचं तुटलेल्या बाईला रोज शालू नेसवून मिरवलं, तर ती मजेत आहे असं आपण म्हणू का?

सोंड वर करून "आशीर्वाद" देणं, गुडघा टेकून "नमस्कार" करणं, हे कुठलाही हत्ती आपण होऊन शिकत नाही. पिल्लाला आईपासून तोडून, दोरखंडांनी बांधून, मारून, उपाशी ठेवून त्याचं मन मोडलं जातं. त्यानंतर आयुष्यभर अंकुश नुसता दिसला तरी पुरतो. आपण दहा रुपये देऊन डोक्यावर सोंड ठेवून घेतो तेव्हा आशीर्वाद कोणाचा आणि भीती कोणाची, एवढं मनाशी विचारून बघा.

आता माधुरी. हा विषय टाळला असता तर ग्रुपवर शांतता राहिली असती. पण ज्यावर भांडण झालं त्यावरच बोललं नाही, तर चिंतन कसलं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात नांदणीचा जैन मठ. तिथे महादेवी, म्हणजेच माधुरी, 1992 पासून होती. तिच्या पायांचे आजार आणि संधिवात तपासणी अहवालांत नोंदलेले होते. न्यायालयापुढे तिला मिरवणुकीसाठी आपल्या तेलंगणात नेल्याचाही मुद्दा आला होता. म्हणजे आपल्या शहरातल्या हौसेचा धागा थेट नांदणीपर्यंत गेलेला आहे. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या वनताराकडे पाठवायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि महिनाअखेर ती गेली. जाताना गावातल्या बायका रडल्या, लोकांनी तिची पूजा केली, नंतर हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत चालत गेले. ते व्हिडिओ बघून आमच्याही डोळ्यांत पाणी आलं.

ग्रुपवर काहींनी लिहिलं की हे सगळं नाटक होतं. तसं म्हणणं बरोबर नाही. तेहेतीस वर्षांचा लळा नाटक नसतो. दुसऱ्या बाजूने, "श्रीमंताने गरिबाची हत्तीण नेली" एवढ्यावर विषय संपवणंही बरोबर नाही. नंतर मठ, सरकार आणि वनतारा यांच्यात नांदणीच्या परिसरातच केंद्र उभारण्याची बोलणीही झाली. तिने कुठे राहावं हे मोठी माणसं, डॉक्टर आणि न्यायालय ठरवतील. त्यात आपण काका-काकूंनी एकमेकांना ब्लॉक करण्यासारखं काय आहे? आपल्याला एवढंच विचारायचं आहे की लळा लावून आपण जनावराला काय देतो. आई मुलावर प्रेम करते म्हणून त्याच्या पायातली जखम तशीच ठेवत नाही.

त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या जोतिबाच्या डोंगरावरचा सुंदर हत्ती काहींना आठवत असेल. 2007 साली देवाला अर्पण केलेला. पुढे तो साखळदंडांत, मार खात दिवस काढतो आहे हे उघड झालं, देशभर मोहीम झाली आणि 2014 साली न्यायालयाच्या आदेशाने त्याला बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा इथे नेलं. देवाला अर्पण करणं म्हणजे काय, याचा विचार तेव्हापासून आम्हा काही जणींच्या मनात आहे. फूल वाहिलं की ते देवाचं होतं, आपण ते परत उचलून केसांत माळत नाही. हत्ती अर्पण केला की मात्र तो मिरवणुकीला, उद्घाटनाला, लग्नालाही उपयोगी पडतो!

भागवतातली गजेंद्रमोक्षाची कथा आपण वाचतो. मगरीने पाय धरलेला हत्ती सोंडेत कमळ घेऊन हाक मारतो, आणि भगवंत गरुडालाही मागे टाकून धावत येतात. भगवंतांनी त्याला सोडवलं, वैकुंठाच्या दारात बांधून ठेवलं नाही.

बाकी जनावरांचं थोडक्यात सांगतो. लग्नाच्या वरातीतला घोडा तर आपल्या घरातलाच विषय. मुहूर्त संध्याकाळचा, मर्फा वाजतो आहे, डोक्यावर जनरेटरच्या दिव्यांची रांग, आणि घोडा दिवसातली तिसरी वरात करतो आहे. त्याच्या तोंडातला लगाम कधी बघा. काटेरी लगामाला 1965 पासूनच्या नियमांत बंदी आहे, तरी तो सर्रास वापरतात, कारण दुखलं की घोडा लगेच थांबतो. इथे कोणी म्हणेल, मग वारीतल्या रिंगणाच्या अश्वांचं काय? प्रश्न रास्त आहे. माउलींचे अश्व बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, वर्षभर त्यांची निगा होते, आणि ज्या अश्वावर माउली आहेत असा भाव आहे त्याच्या पाठीवर माणूस बसत नाही. भाड्याने आणलेल्या घोड्याशी त्याची बरोबरी होत नाही. तरी ऊन, गर्दी आणि पायावर पडणारे हजारो हात तिथेही असतात. त्याचा विचार वारकरी मंडळी करतील. आपला अधिकार आपल्या पालखीपुरता.

दरवेशी अस्वल घेऊन दारात यायचे ते आपल्यातल्या वयस्करांना आठवत असेल. नाकातून दोरी ओवलेली, दात काढलेले. 1998 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांचे खेळ बंद झाले. सर्कसवाले न्यायालयात गेले, पण 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. महत्त्वाचं असं की नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून द्यायचं काम काही संस्थांनी चिकाटीने केलं, मुलांना शाळेत घातलं, म्हणून ती प्रथा खरोखर थांबली. नुसता कायदा पुरला नसता. तेव्हा माकडवाला किंवा पोपटाकडून चिठ्ठी काढवणारा जोस्यमवाला दिसला तर त्याच्यावर ओरडू नका, त्याचा व्हिडिओ करून चारचौघांत त्याची अब्रू काढू नका. पैसे देऊ नका आणि वन विभागाला किंवा ब्लू क्रॉसला कळवा. तोही कोणाचा तरी बाप आहे, त्याच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. त्याला काम हवं असेल तर आपल्या एवढ्या कुटुंबांत कोणाकडे तरी निघेलच की.

सिनेमा आणि जाहिराती याबद्दल मुलांनी आवर्जून लिहायला सांगितलं आहे, आणि हे शहर सिनेमाचं आहेच. 2001 च्या नियमांनुसार शूटिंगमध्ये जनावर वापरायचं तर ॲनिमल वेलफेअर बोर्डाकडे नोंदणी आणि परवानगी लागते. म्हणून सिनेमाच्या सुरुवातीला "कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही" अशी पाटी येते. तरीही 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्या शहराबाहेर अब्दुल्लापूरमेटकडे 'पोन्नियिन सेल्वन' या मोठ्या तमिळ सिनेमाच्या शूटिंगमध्ये एक घोडा मेला. पोलिसांनी निर्मिती कंपनीवर आणि घोड्याच्या मालकावर गुन्हा नोंदवला. युद्धाचा प्रसंग होता म्हणे. युद्ध खोटं, तलवारी खोट्या, रक्त खोटं, आणि मेलेला घोडा तेवढा खरा! याच शहरातल्या राजामौलींनी दुसऱ्याच वर्षी 'आरआरआर' मध्ये वाघ, बिबळे, हरणं यांचा कळपच्या कळप पडद्यावर सोडला, सगळे कॉम्प्युटरवर बनवलेले. थिएटरमध्ये कोणाची मजा कमी झाली का? आमच्या घरी तर नातवंडं सोफ्याखाली लपली.

जाहिरातीचं नुकसान जरा वेगळ्या वाटेने होतं. 2003 साली एका मोबाइल कंपनीच्या, हचच्या, जाहिरातीत लहान मुलामागे फिरणारा पग कुत्रा आला. गोड जाहिरात होती, कोणी त्या कुत्र्याला मारलं नव्हतं. पण घरोघरी मुलं "तोच कुत्रा" मागू लागली, आणि पिल्लं विकणाऱ्यांची चांदी झाली. पगचं नाक माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून चपटं केलेलं आहे. त्याला थंड हवेतही धाप लागते. आपल्याकडच्या मे महिन्यात त्याचं काय होत असेल! जाहिरात कंपनीने विकलं फोनचं नेटवर्क, आणि आपण विकत घेतला श्वास न पुरणारा जीव. आपल्या दत्तमहाराजांच्या पायाशी चार श्वान बसलेले असतात, त्यांना आपण चार वेद म्हणतो. ते चित्रात साधे गावठी कुत्रेच असतात, हे कधी लक्षात आलंय का? तसे चार आपल्या प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बसलेले आहेत, फुकट.

आणि जाहिरात आता टीव्हीवरच असते असं नाही. माकडाला फ्रॉक घालून, पोपटाला सायकलवर बसवून केलेले व्हिडिओ सकाळी "सुप्रभात" म्हणून आपल्याच ग्रुपवर येतात. माकड दात दाखवतं ते बहुतेक वेळा हसत नसतं, घाबरलेलं असतं. आपण बघतो, पुढे पाठवतो, बघणारे वाढतात म्हणून बनवणारा दुसरं माकड आणतो. पैठणला गर्दी जमायला रस्त्यावर यावं लागत होतं. आता गर्दी आपल्या हातातच आहे.

यावर काही ज्येष्ठांचं म्हणणं असं आलं की, अहो, परंपरा आहे, वैभव आहे, देवाच्या दारी थोडं जनावर राबलं तर त्याचाही उद्धारच होतो. आदर ठेवून सांगतो, आपल्या परंपरेत याचं उत्तर आहे आणि ते आपल्या सासूबाई, आजेसासूबाईंनी कधीच देऊन ठेवलं आहे. नागपंचमीला आपण पाटावर गंधाने नाग काढतो, नाहीतर मातीचा करतो. त्याला दूध-लाह्या दाखवतो. आपल्या घरांत गारुड्याचा नाग कधी लागला नाही. आणि तो दारात येणारा नाग? त्याचे दात उपटलेले असतात, कधी तोंडही शिवलेलं असतं, पंचमीपर्यंत उपाशी-तहानेला ठेवलेला असतो. नाग दूध पीत नाही. तहानेने व्याकुळ झालेला कोणताही जीव जे मिळेल ते पितो, इतकंच. इथली फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी असे नाग सोडवायचं काम वर्षानुवर्षं करते आहे. त्यांना विचारा, किती वाचतात.

पोळ्याचंही तेच. शहरात बैल कुठून आणायचा? मग मातीची बैलजोडी आणतो, पाटावर ठेवतो, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतो, पोरं ती जोडी सुताने ओढतात. त्यात कोणाला कधी वाटलं का, की पोळा झाला नाही? मातीच्या बैलात देव आला, गंधाच्या नागात आला, पार्थिव गणपतीत येतो. मग पालखीपुढच्या कागदी हत्तीत यायला तो कशाला लाजेल? केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या इरिंजाडप्पिल्ली श्रीकृष्ण मंदिराने 2023 मध्ये चक्क यांत्रिक हत्ती घेतला, सुमारे 800 किलोचा. कान हलवतो, सोंड हलवतो, पाठीवर तिडंबू घेऊन उभा राहतो. केरळसारख्या हत्तीवेड्या प्रांतात हे झालं, तर आपल्याला काय अवघड आहे?

दुसरं म्हणणं आलं ते कायद्याचं, की परवानगी काढली की झालं. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्यात पळवाटाही आहेत. बैलगाडा शर्यतींचंच बघा. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात परत सुरू झाल्या, 2023 च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने राज्यांनी केलेले बदल वैध ठरवले. बैल तोच, शेपटी पिरगाळणारा हात तोच. कागद बदलला म्हणून बैलाला कमी दुखतं असं नाही. आपण सत्संगाची माणसं, आपला विचार परवानगीच्या कागदापाशी थांबू नये.

तिसरा प्रश्न आम्हाला सर्वांत जवळचा वाटला. एका तरुण सुनेने खाजगीत विचारला होता, "काकू, पण उत्सवाच्या गडबडीत जनावरांचं काय घेऊन बसलात असं लोक म्हणणार नाहीत का?" म्हणतील. एकनाथ महाराजांनाही म्हणाले होते. काशीहून रामेश्वराला घालायला आणलेली गंगेची कावड, अर्धा देश चालून आलेली, ती त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. बरोबरचे लोक हळहळले, यात्रा फुकट गेली म्हणाले. नाथांना मात्र तिथेच रामेश्वर भेटला. लक्षात घ्या, त्या दिवशी नाथांची पूजा कोणी बघितलीही नसेल. वाळवंटात मिरवणूक नव्हती, आणि गाढवाने उठून वेद म्हटल्याचंही कुठल्या चरित्रात नाही.

समितीपुढे आम्ही भगिनींनी मांडलं आहे ते असं. यंदाच्या पालखीपुढे भाड्याचा घोडा, उंट, हत्ती काहीही नको. कबुतरं उडवायची कल्पना कोणाच्या मनात असेल तर तीही नको. ज्या गुरुबंधूंनी खर्च करायची तयारी दाखवली त्यांच्याशी आम्ही दोघी-तिघी जाऊन बोललो. सुरुवातीला त्यांना वाईट वाटलं, हे लपवत नाही. "माझ्या वडिलांची फार इच्छा होती हत्तीची," म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसले. शेवटी त्यांनीच विचारलं की त्या पैशांतून भटक्या जनावरांच्या औषधाचं काही करता येईल का. अमला अक्किनेनी यांनी 1992 मध्ये सुरू केलेली ब्लू क्रॉस ही संस्था आपल्याच शहरात आहे. तिथे काय लागतं ते विचारून समितीला कळवायचं ठरलं आहे. आणि वडिलांची हत्तीची इच्छाही राहणार नाही.

कारण बालसंस्कार वर्गाच्या मुलांनी बांबू आणि कागदाचा हत्ती करायला घेतला आहे. आत दोन मुलं उभी राहून चालवणार, सोंड आतून दोरीने हलणार. सांगाडा उभा झाला आहे, जरा मेंढीसारखा दिसतो, पण होईल. येत्या रविवारी सकाळी 10 वाजता काचीगुड्याच्या केंद्रात सगळ्यांनी यावं. जुनी वर्तमानपत्रं, खळ, सुतळी आणि जुन्या करड्या साड्या असतील तर घेऊन या. झुलीसाठी जरीचे काठ हवे आहेत. कानांसाठी सुपं मिळाली आहेत, आता आणू नयेत. मुलांनी हत्तीचं नाव काय ठेवायचं यावरून अजून भांडण चालू आहे, तेवढं ग्रुपवर आणू नका ही विनंती.

जय गुरुदेव.

— सेवेकरी भगिनी मंडळ, हैदराबाद